काळा पडलेला फिल्टर

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा म्हणाले, "धंद्यातल्या आठवणी लिहा, पण भांडणं नकोत." मी म्हटलं, मग उरतं काय? चंद्रपुरात मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान मी उभं केलं ते भांडून, चालवलं ते भांडून, आणि आता बंद करतो आहे तेही घरच्यांशी भांडूनच. त्यामुळे भांडणासकट छापायचं असेल तर छापा.

माझ्या गल्ल्यामागे भिंतीत एक खिळा आहे. त्याला एका जीपचा एअर फिल्टर टांगलेला आहे. गोल, डब्याएवढा, कागदाच्या चुण्या काळ्या पडलेल्या. दुकानातला बाकी सगळा माल विकायला काढला, ऑइल सीलपासून फॅन बेल्टपर्यंत. हा काढला नाही. लोक विचारतात, "शेठ, हा कचरा काऊन टांगून ठेवला?" त्यांना उत्तर द्यायला वेळ नसतो. इथे देतो.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो, कारण गाडी चालवणाऱ्या निम्म्या लोकांनी ती डोळ्यांनी पाहिलेली नसते. इंजिन डिझेल पितं हे सगळ्यांना माहीत असतं, कारण त्याचे पैसे मोजावे लागतात. इंजिन हवाही घेतं, आणि डिझेलच्या कितीतरी पट घेतं, पण ती फुकट म्हणून कोणी विचारत नाही. त्या हवेबरोबर धूळ आत गेली की ती तेलात मिसळते आणि तिचा पॉलिश पेपर होतो. रिंगा झिजतात, सिलेंडर झिजतं, गाडी धूर सोडते, तेल खाते, चढावर धापा टाकते. मग इंजिन खोलावं लागतं. जीपवाल्याचं इंजिन खोललं म्हणजे त्याच्या घरातली चूल मंद झाली. हे सगळं अडवायला मध्ये काय असतं, तर घडी घातलेला कागद. पूर्वी तेलाच्या वाटीतून हवा गाळणारे फिल्टर होते, मग कागदाचे आले. मी दोन्ही विकले.

आमच्याकडे धुळीला तोटा नाही. फिल्टर हातात घेतला की गाडी कुठून आली हे मी सांगायचो. काळा म्हणजे कोळशाच्या पट्ट्यातली. राखाडी म्हणजे कोरपन्याकडची, सिमेंटच्या रस्त्यावरची. तांबडा म्हणजे वैनगंगेपलीकडची, शेजारच्या जिल्ह्यातली, मुरमाची. लोकांना वाटायचं शेठला काही सिद्धी आहे. एकदा एका जावयाने सासऱ्याला सांगितलं होतं, गाडी दोन दिवस नागपुरात होती. फिल्टर तांबडालाल. मी सासऱ्यासमोरच विचारलं, "जावईबापू, नागपुरात मुरूम कधीपासून?" ते गिऱ्हाईक तुटलं.

कोरपन्याचा एक कापूसवाला होता. त्याने नवा फिल्टर घ्यायचं वाचवून घरचा सरकी काढलेला कापूस डब्यात कोंबला. म्हणाला, "कापूस तर कापूसच आहे न शेठ, घरचा आहे, शुद्ध आहे." इंजिनाने तो शुद्ध कापूस ओढून घेतला. मेकॅनिकने पाइपातून वातीसारखा ओढून काढला तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. कापूसवालाही हसला. मग म्हणाला, "आता फिल्टर कमी भावात दे, माया कापूस वाया गेला."

असे दिवस होते. मुद्द्यावर येतो.

फिल्टरच्या खोक्यावर एक आकडा असतो, कार्यक्षमतेचा. नव्व्याण्णव टक्के, अठ्ठ्याण्णव टक्के. गिऱ्हाईक म्हणतो, एका टक्क्याने काय होतं. मीही तसंच समजत होतो. एका मोठ्या कंपनीने नागपुरात दुकानदारांची बैठक बोलावली. हॉटेलात जेवण, पेन भेट, आणि पडद्यावर भलामोठा नव्व्याण्णवचा आकडा. त्यांचा विक्रीवाला साहेब सांगत होता की या भागाची एजन्सी द्यायची आहे, आणि नजर माझ्याकडे होती, कारण या दोन जिल्ह्यांत माझ्याइतका माल कोणी हलवत नव्हता. मी उभा राहिलो आणि विचारलं, "नव्व्याण्णव टक्के कोणत्या धुळीचे?"

साहेब हसला. "धूळ म्हणजे धूळ, शेठजी."

"आमच्याकडे तीन रंगांची आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडे कोणती आहे?"

सभागृह हसलं. साहेब हसला नाही.

जेवताना त्यांचा इंजिनिअर माझ्या शेजारी येऊन बसला. सबनीस नाव, शांत माणूस. त्याने मला जे सांगितलं ते मी पुढे आयुष्यभर सांगत फिरलो, म्हणून त्याचं श्रेय त्याला देतो. तो म्हणाला, "शेठ, रव्याची चाळणी घ्या. रवा ओतला तर सगळा अडेल, मैदा ओतला तर पळून जाईल. चाळणी तीच. फिल्टर तपासताना जाड धूळही वापरतात आणि बारीकही. आमचे नव्व्याण्णव जाड धुळीवरचे आहेत. आणि अडलं किती ते पाहू नका, सुटलं किती ते पाहा. नव्व्याण्णववाल्यातून शंभरातला एक भाग आत जातो, सत्त्याण्णववाल्यातून तीन. इंजिनाच्या दृष्टीने तो दोन टक्क्यांचा फरक नाही, तिप्पट आहे."

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती ऐकून माझा घास हातातच राहिला. नवाकोरा फिल्टर सगळ्यात कच्चा असतो. थोडी धूळ कागदावर बसली की तिचाच एक थर होतो आणि तो पुढची बारीक धूळ अडवतो. थर फार जाड झाला की इंजिनाचा श्वास कोंडतो, मग बदलायचा. तोवर उगाच हवा मारून झटकायचा नाही. आमच्याकडे तर प्रत्येक पंक्चरवाल्याच्या दुकानात हवेचा पाइप तोंडाशी धरून फिल्टर 'साफ' करून द्यायचे. कागद फाटायचा, थर जायचा, आणि ड्रायव्हर खूश व्हायचा.

एजन्सी मला मिळाली नाही. माल उतरला तो माझ्या समोरच्या दुकानात, प्रकाशकडे. प्रकाश माझ्याच काउंटरवर उभा राहून धंदा शिकला होता. गोड बोलायचा, आणि कोणती धूळ हे त्याने कधी कोणाला विचारलं नाही. मी एका लहान कारखान्याचा माल धरला. त्या खोक्यावर अठ्ठ्याण्णव लिहिलेलं होतं, पण बारीक धुळीवर, आणि तसं स्पष्ट छापलेलं. सांगा, हे कोण वाचणार? अठ्ठ्याण्णव आणि नव्व्याण्णव, पोरगंही सांगेल मोठा कोणता.

त्यावर कळस म्हणजे रंग. माझा फिल्टर महिन्याभरात काळा पडायचा. प्रकाशचा पांढरा राहायचा. जीपवाले दोन्ही शेजारी धरायचे आणि म्हणायचे, "शेठ, तुया माल लवकर खराब होते. त्याचा पाह्य, दुधासारखा." मी ओरडायचो, "अरे, पांढरा आहे कारण बारीक धूळ त्याच्यात थांबलीच नाही! इंजिनात गेली!" ते म्हणायचे, "ओरडून कायले राह्यला भाऊ, पांढरा ते पांढरा." धंद्यात मी पुष्कळ लबाडी पाहिली. पण खरा माल खरा आहे म्हणूनच नापास होतो, हे दुःख मला दुसऱ्या कोणत्याही वस्तूने दिलं नाही.

माझ्या बाजूने उरला एकटा देवाजी मडावी. चामोर्शीच्या पुढे जंगलातलं गाव, तिथून मूलवरून चंद्रपूर अशी त्याची सवारीची जीप चालायची. दोन्ही जिल्ह्यांची धूळ खाणारी गाडी. माणूस कमी बोलणारा. मी सांगितलं, फिल्टरला हात लावू नको, मी सांगेन तेव्हा बदल. त्याने मान डोलावली आणि खरंच हात लावला नाही. स्टँडवरचे सगळे त्याला चिडवायचे. "देवाजी, तुया गाडीत कोळशाची खाण निघाली बे."

हे त्याच्या बायकोच्या कानावर गेलं. चंद्राबाई. बाजाराच्या दिवशी मोहफुलं, चारोळी, डिंक घेऊन बसायची, आणि भाव करण्यात माझ्या तोडीची बाई मी तिच्याशिवाय पाहिली नाही. एक दिवस दुकानात आली, पिशवीतून तो फिल्टर काढला आणि माझ्या काउंटरवर आपटला. धूळ माझ्या जेवणाच्या डब्यावर.

"हे काय आहे भाऊ?"

"फिल्टर आहे."

"फिल्टर नाई, चुलीचं ढेकूळ आहे. माया माणसाच्या गाडीत हे बसवून देल्लं? ते गाडी घ्यासाठी मी गळ्यातलं मोडलं. गाडी बसली तर आम्ही कुठी जाऊ?"

मी चाळणी सांगितली, रवा-मैदा सांगितला, थर सांगितला. आवाज चढवूनच सांगितला, माझा तसा आहे.

"झालं तुयं? आता बोल. इंजन गेलं तर?"

"जाणार नाही."

"जाणार नाई त बोलाले काय जाते? गेलं तर तू बांधून देशील?"

आता हा सौदा होता, आणि सौद्यात मी मागे हटत नाही. "देईन. माझ्या खर्चाने. पण हाच परत बसवायचा, आणि महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. पंक्चरवाल्याकडे न्यायचा नाही, झटकायचा नाही. आणि मी खरा ठरलो तर मला काय?"

"तुले काय पायजे?"

"माझ्या दुकानासमोर, या रस्त्यावर उभी राहून मोठ्याने सांगायचं, भाऊचा माल खरा आहे. प्रकाशला ऐकू गेलं पाहिजे."

तिने विचार केला. "एक खेपच सांगीन."

"एकदा पुरे."

"आन् फिल्टर मंग अर्ध्या भावात."

"पाऊण."

ठरलं. तिने तो काळा फिल्टर पदराने पुसायला घेतला आणि मी किंचाळलो. आजही आठवलं की हसू येतं. बाई दचकली, मग स्वतःशीच पुटपुटली, "लेकरू असल्यासारखा करते."

जत्रेपर्यंतचे दिवस मला फार जड गेले. माझा विज्ञानावर विश्वास होता, पण देवाजीच्या जीपवर नव्हता. ती जुनी गाडी. इंजिन दुसऱ्या कशानेही गेलं असतं तरी नाव माझ्या फिल्टरचं झालं असतं, आणि दोन जिल्ह्यांत माझं दुकान खोटं पडलं असतं. तिचं तर घरच गेलं असतं. दर खेपेला जीप चंद्रपूरला आली की मी दुकान सोडून स्टँडवर जायचो, सायलेन्सरमागे उभा राहून धुराचा रंग पाहायचो. लोकांना वाटायचं मला देवाजीकडून काही वसूल करायचं आहे.

महाशिवरात्रीला मार्कंड्याला दोन्ही जिल्ह्यांच्या जीपा एकाच मैदानात लागतात. वैनगंगेत आंघोळ, देवळात दर्शन, आणि मग रांगेने उभ्या गाड्यांच्या सावलीत डबे उघडतात. मी पांढरे रुमाल घेऊन गेलो. देवाजीची जीप होती, आणि तिच्याच बरोबर त्याच शोरूममधून घेतलेली, त्याच रस्त्यावर चालणारी वासुदेवची जीप होती. वासुदेवच्या गाडीत प्रकाशचा फिल्टर, दुधासारखा. ड्रायव्हर जमले, कारण मी भांडणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि जत्रेत तेवढीच करमणूक.

फिल्टरनंतर इंजिनाकडे जाणारा जो पाइप असतो तो मेकॅनिकने सोडला. फिल्टर खरा असेल तर तिथे धूळ असता कामा नये. आधी वासुदेवचा. मी रुमाल त्याच्याच हातात दिला, म्हणजे नंतर हातचलाखी म्हणायला नको. त्याने बोटावर गुंडाळून आत फिरवला. बाहेर आला तो काळपट तांबडा, चिकट, दोन्ही जिल्ह्यांची धूळ फासल्यासारखा. मग देवाजीचा. चंद्राबाई पुढे झाली, म्हणाली, "मी पुसतो." तिने आत हात घालून रुमाल दोनदा फिरवला, बाहेर काढला, उलटा केला, सुलटा केला, उन्हाकडे धरला. तेलाचा किंचित पिवळा डाग. धूळ नाही.

मी जिंकलो होतो. आणि त्या क्षणी जे मनात साचलं होतं ते सगळं तोंडातून बाहेर आलं. नागपूरचा साहेब, प्रकाश, दुधासारखा पांढरा, सगळं. "डोळे आहेत का शर्टाची बटणं? इतके दिवस ओरडून सांगतो आहे! एकाला तरी अक्कल आहे का या रांगेत? बोल चंद्राबाई आता! सांग यांना!"

ती रुमालाची घडी घालत होती. "तुया दुकानासमोर सांगीन म्हटलं होतं. जत्रेत नाई."

"मग उद्या ये दुकानासमोर!"

"माया माणूस याच रांगेत उभा आहे भाऊ. त्यालेही अक्कल नाई म्हटलं तू. त्यानंच तर तुयं ऐकलं होतं. आता मले वाटल तवा सांगीन. कवा सांगाचं ते ठरलं नव्हतं."

खरंच ठरलं नव्हतं. मी इतके सौदे केले, पण मुदत घालायची राहिली ती एकदाच. मी आजही म्हणतो, मी काय खोटं बोललो होतो? पण सौदा तो सौदा.

मग तिने काय केलं ते ऐका. तो काळा फिल्टर घेतला, सुतळीत ओवला आणि जीपच्या पुढच्या बंपरला बांधला, जिथे बाकीचे लिंबू-मिरची आणि काळी बाहुली बांधतात तिथे. "याच्यानं इंजन वाचलं," म्हणाली, "नजरही हाच वाचवल." देवाजी पहिल्यांदा हसलेला मी तेव्हा पाहिला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानात जीपवाल्यांची गर्दी. मला वाटलं, आता कळलं यांना. पहिल्याने विचारलं, "शेठ, जुना काळा फिल्टर आहे का? बंपरले बांधाचा आहे." दुसऱ्यालाही तोच हवा. त्या साली मूल-चामोर्शी रस्त्यावर कितीतरी गाड्यांच्या तोंडाला माझ्या दुकानातले काळे फिल्टर लोंबत होते. आणि आत? आत काहींनी माझे बसवले, पण बरेच जण काळा माझ्याकडून फुकट नेऊन पांढरा प्रकाशकडून विकत घ्यायचे. मी डोकं हातात धरून बसायचो. एकाने समजूत घातली, "भाऊ, तुया माल बाहेरून राखण करते, त्याचा आतून. दोन्ही पायजे न."

देवाजी मात्र शेवटपर्यंत माझाच फिल्टर वापरत राहिला. घ्यायला चंद्राबाई यायची. पाऊण भाव ठरला होता तो दर खेपेला निम्म्यावर आणायचा तिचा प्रयत्न, आणि माझा चढवायचा. सौदा संपला की मी विचारायचो, "आणि ते वाक्य?"

"आज नाई भाऊ. आज पाय दुखते."

किंवा, "आज प्रकाशचं दुकान बंद आहे. ऐकन कोण?"

एकदा दुकान उघडं होतं, पाय दुखत नव्हते, तेव्हा म्हणाली, "सांगून टाकलं तर मंग तू भाव कमी करनार नाई." मी चहा मागवला. बाई चहा पिऊन गेली. हिवाळ्यात मोहफुलाचे लाडू आणायची, तेही मोजून, आणि त्याचाही भाव माझ्या फिल्टरमध्ये वळता करून घ्यायची.

देवाजी गेला त्यालाही आता बरेच दिवस झाले. त्याची जीप भंगारात निघाली तेव्हा मी स्वतः गेलो होतो. इंजिन एकदाही खोललेलं नव्हतं. भंगारवाल्याला मी सांगितलं, बाकी सगळं तुझं, शेवटचा फिल्टर माझा. तोच खिळ्याला आहे.

या उन्हाळ्यात दुकान आवरत होतो. प्रकाशने धंदा कधीच बदलला आहे, त्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकानाची पायरी चढताना कोणी तरी थांबून श्वास घेतला. चंद्राबाई. केस पांढरे, आवाज तोच.

"बंद करून राह्यला म्हणते?"

"करतो आहे. तुला काय हवं? जीप तर गेली."

"पोरानं नवी गाडी घेतली, सवारीचीच. बॅटरीवरची. तिले फिल्टर नाई म्हणते, इंजनच नाई म्हणते." ती माझ्याकडे अशी पाहत होती की जणू हे मीच केलं. "मंग बंपरले काय बांधाचं? ते लिंबू-मिरचीवर माया भरोसा नाई." आणि तिने खिळ्याकडे बोट दाखवलं. "तो दे. तो पोराच्या बापाच्या गाडीचा आहे."

"तो विकायचा नाही."

"काऊन?"

"माझं एक वाक्य राहिलं आहे म्हणून."

तिने पिशवी काउंटरवर ठेवली. मग पायरी उतरली. मला वाटलं रागावून चालली. रस्त्याच्या मधोमध गेली, पदर कमरेला खोचला, मोबाइल कव्हरच्या दुकानाकडे तोंड केलं आणि बाजारात ओरडतात तसा आवाज लावला.

"ऐका हो! या भाऊचा माल खरा होता! माया माणसाच्या गाडीचं इंजन शेवटपर्यंत खोललं नाई! ऐकलं का?"

दोन ऑटोवाले थांबले. कव्हरवाला पोरगा कानातला इअरफोन काढून पाहू लागला, काय झालं त्याला कळेना. एका स्कूटरवाल्याने हॉर्न दिला. मी खिळ्याकडे पाहत उभा होतो, कारण रस्त्याकडे पाहायची माझी तयारी नव्हती.

ती परत आली, पायरीवर हात टेकून चढली.

"झालं?"

"झालं," मी म्हटलं.

"मंग आता भाव सांग."

मी सांगितला. तिने अर्धा केला. मी चिडलो. मग मी तिला स्टूल दिलं आणि स्वतः खोक्यावर बसलो, कारण हे लवकर आटोपणारं नव्हतं.